'एअर इंटेलिजन्स युनिट'ला मराठीत काय म्हणावे?

दादरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. लष्करी विमानांच्या प्रदर्शनासाठी ते मराठी फलक लिहीत आहेत. 'एअर इंटेलिजन्स युनिट'साठी एकाने 'हवाई हेरगिरी पथक' सुचवले, दुसऱ्याने 'हवाई टेहळणी पथक', आणि यंत्रानुवादाने 'हवाई बुद्धिमत्ता युनिट' दिले. यांपैकी काय घ्यावे?

'बुद्धिमत्ता' आधी खोडा. इथे इंटेलिजन्स म्हणजे शत्रूविषयी जमवलेली, ताडून पाहिलेली आणि अर्थ लावलेली माहिती. तिला 'गुप्तवार्ता' हा शब्द सरकारी मराठीत पक्का रुळला आहे; आपला राज्य गुप्तवार्ता विभाग सर्वांना ठाऊक आहेच. गुप्तचर हा माणूस, गुप्तवार्ता ही माहिती. बातम्यांत दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी येतात आणि खपूनही जातात, पण फलकावर ते जपून वापरावेत.

मुंबईच्या वाचकाबाबत आणखी एक अडचण आहे. त्याने 'एअर इंटेलिजन्स युनिट' हे नाव वाचलेले असते ते विमानतळावर सोने पकडल्याच्या बातमीत. ते युनिट सीमाशुल्क खात्याचे. तिथल्या 'एअर'चा अर्थ विमानतळ आणि विमानप्रवासी एवढाच. म्हणून नुसते 'हवाई' लिहू नका. 'हवाई दल गुप्तवार्ता शाखा' असे पूर्ण लिहा, म्हणजे घोटाळा राहणार नाही.

'हवाई' या विशेषणात मुळातच दोन अर्थ आहेत: हवेतून मिळवलेली माहिती आणि शत्रूच्या हवाई शक्तीविषयीची माहिती. 'टेहळणी' सुचवणाऱ्यांना पहिलाच अर्थ दिसतो. प्रत्यक्षात या शाखांचे बरेचसे काम जमिनीवर चालत आले आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई मंत्रालयाच्या गुप्तवार्ता शाखेत एक उपशाखा पाडलेल्या जर्मन विमानांचे सांगाडे तपासायची, दुसरी युद्धकैद्यांची चौकशी करायची. सांगाड्यावर आधी बघायची ती कारखान्याची पट्टी आणि अनुक्रमांक. असे पुरेसे क्रमांक जमले की कोणता कारखाना किती विमाने काढतो याचा अंदाज बांधता येतो.

1940 सालचे उदाहरण घ्या. एका पडलेल्या हाइन्केल 111 बॉम्बफेकी विमानातल्या कागदावर 'क्निकेबाइन' हे नाव सापडले. कैद्यांच्या बोलण्यातूनही काही धागे मिळाले. अशा विमानात कमी दृश्यमानतेत उतरण्यासाठी एक रेडिओ ग्राहक (रिसीव्हर) असे. तो तपासणाऱ्या तंत्रज्ञांना आढळले की नुसते उतरण्यासाठी लागावी त्याहून त्याची संवेदनक्षमता कितीतरी जास्त आहे. आर. व्ही. जोन्स या तरुण शास्त्रज्ञाने त्यावरून निष्कर्ष काढला: हे यंत्र 'क्निकेबाइन' नावाचा, दुरून सोडलेला रेडिओझोत पकडण्यासाठी आहे आणि त्या झोताच्या आधाराने रात्री शहरांवर बॉम्ब टाकायचे आहेत. 21 जूनच्या रात्री एक अ‍ॅन्सन विमान शोधायला निघाले आणि झोत सापडला, जेमतेम 400 ते 500 यार्ड रुंदीचा. या सगळ्यात उड्डाण झाले ते अगदी शेवटी, पडताळणीपुरते. याला टेहळणी म्हटले तर कागद, कैदी आणि ग्राहक, म्हणजे खरे कामच नावातून गळते.

टेहळणी हा शब्द मात्र फार चांगला आहे आणि त्याची स्वतःची जागा आहे. टेहळणी बुरूज आपल्या ओळखीचा आहे. उंचावरून, उघडपणे, सतत नजर ठेवणे हा त्याचा अर्थ. विमान जाऊन छायाचित्रे घेऊन येते ती टेहळणी. भारतीय हवाई दलात 106 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनची कॅनबेरा विमाने हेच काम करत. जगमोहन नाथ यांना 1962 आणि 1965 असे दोनदा महावीर चक्र मिळाले ते अशा उड्डाणांसाठी. त्यांच्या फलकावर 'टेहळणी वैमानिक' लिहा.

छायाचित्रे उतरल्यावर पुढचे काम सुरू होते. त्यासाठी 'छायाचित्रवाचन' वापरावे असे माझे मत आहे, कारण 'नकाशावाचन' भूगोलाच्या पुस्तकातून प्रत्येकाच्या ओळखीचे आहे. इंग्लंडात मेडमेनहॅम इथे 1941 पासून या कामाचे मध्यवर्ती केंद्र होते. तिथे वाचन तीन टप्प्यांत होई: पहिले विमान उतरल्यावर काही तासांत, तातडीच्या हालचालींसाठी; दुसरे साधारण दिवसभरात; तिसरे सावकाश, विषयवार तज्ज्ञांकडून.

या वाचनात हिशेब किती बारीक असतो ते फलकावर जरूर दाखवा. कॅमेऱ्याचे नाभीय अंतर (भिंगापासून फिल्मपर्यंतचे अंतर) 36 इंच, म्हणजे 3 फूट, आणि विमानाची उंची 30,000 फूट असेल तर छायाचित्राचे प्रमाण 1:10,000. म्हणजे कागदावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर 10 मीटर. व्ही-1 या उडत्या बॉम्बच्या पंखांचा विस्तार सुमारे 5.3 मीटर, म्हणजे या प्रमाणात अर्धा मिलिमीटर. 28 नोव्हेंबर 1943 रोजी घेतलेल्या पेनेम्युंडे या जर्मन शस्त्रचाचणी केंद्राच्या छायाचित्रात मेडमेनहॅमच्या कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांनी असाच एक चिमुकला ठिपका उताराच्या रुळावर उभा असल्याचे ओळखले. लंडनवर पहिले व्ही-1 पडायला तेव्हा सहा महिन्यांहून अधिक अवधी होता.

खोली दिसण्यासाठी लागोपाठच्या दोन छायाचित्रांत सुमारे 60 टक्के भाग सामाईक लागतो. मग ती जोडी स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळे छायाचित्र दाखवणाऱ्या भिंगांच्या साधनाखाली, ठेवतात. डावे-उजवे बदलले तर टेकडीचा खड्डा होतो. एकच छायाचित्र असेल तर सावल्या पाहणाऱ्याकडे याव्यात असा कागद फिरवतात. हे घरी करून बघता येते. माळशेज किंवा लोणावळ्याच्या बाजूचे उपग्रहचित्र उत्तर वर धरून पाहिले तर कित्येकदा दऱ्या डोंगरांच्या सोंडांसारख्या वर आलेल्या वाटतात. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य दक्षिणेकडे असतो आणि सावल्या पाहणाऱ्यापासून दूर पडतात, डोळ्याला मात्र वरून येणाऱ्या उजेडाची सवय असते. चित्र उलटे धरले की दऱ्या पुन्हा खोल दिसतात.

इथे एक शब्द सांभाळा. कॅमेरा सरळ खाली रोखून घेतलेल्या छायाचित्राला 'उभे' म्हणू नका. वाचक त्याचा अर्थ कागदाची उभी मांडणी असा घेईल. 'लंब छायाचित्र' आणि 'तिरकस छायाचित्र' ही जोडी ठेवा. तिरकस छायाचित्रात जवळचे आणि दूरचे एकाच प्रमाणात नसते, म्हणून वरचा हिशेब त्याला लावू नका.

राहिली हेरगिरी. हा शब्द चुकला तर नुसती शैली बिघडत नाही, माणसाचा कायदेशीर दर्जाच बदलतो. 1907 च्या हेग नियमावलीच्या 29 व्या कलमानुसार छुपेपणाने किंवा खोट्या बहाण्याने माहिती काढणारा तो हेर; वेश न पालटता शत्रूच्या भागात शिरलेला सैनिक हेर ठरत नाही. पकडला गेला तर तो युद्धकैदी. 21 मे 1999 रोजी कारगिल भागाची छायाचित्रे घेताना क्षेपणास्त्र लागलेले आणि तरीही श्रीनगरला सुखरूप उतरवलेले कॅनबेरा टेहळणीवर होते. त्या वैमानिकांना हेर म्हणणे साफ चूक. उलट 1 मे 1960 रोजी सोव्हिएत भूमीवर पाडलेले यू-2 विमान शांततेच्या काळात, अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेसाठी, हवामान संशोधनाच्या बहाण्याखाली उडत होते. वैमानिक पॉवर्सवर हेरगिरीचाच खटला चालून 10 वर्षांची शिक्षा झाली. त्या फलकावर 'हेरगिरी' योग्य.

'युनिट'साठी सरसकट 'पथक' नको. कचेरीत बसून काम चालते तिथे 'शाखा' किंवा 'कक्ष', मेडमेनहॅमसारख्या ठिकाणी 'केंद्र', आणि उडणाऱ्या विमानांना 'स्क्वॉड्रन' तसेच राहू द्या. तो शब्द मराठी वाचकाला अडत नाही.