पीटीएच ४१० की ५८०?

ताई, डायलिसिसवर असलेल्या तुमच्या बाबांचा पीटीएच (हाडांतून कॅल्शियम काढणारं, गळ्यातल्या ग्रंथींचं हार्मोन) एका लॅबमध्ये ४१० आणि दुसऱ्या लॅबमध्ये ५८० आला असं तुम्ही लिहिलंत. दहा दिवसांत दोन लॅबचे दोन आकडे आले म्हणून घाबरू नका. बाबांची हाडं दहा दिवसांत बिघडत नाहीत. पीटीएच मोजायची किट लॅबगणिक वेगळी, म्हणून आकडाही वेगळा. मी नऊ वर्षांपासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस करून राहिलोय. सुरुवातीला नागपुरात कधी धंतोली, कधी रामदासपेठ, जिथे स्वस्त तिथे रक्त द्यायचो. एकदा आकडा चढला म्हणून गोळी वाढली, मग कळलं की बदलली होती फक्त लॅब! आता लॅब एकच, आणि रक्त मशीन सुरू होण्याआधीच.

डायलिसिसवाल्यांचा पीटीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट चालतो. तुमच्या रिपोर्टवर मर्यादा ६५ आहे, म्हणजे साधारण १३० ते ५८५. दोन्ही आकडे त्यात बसतात. पण एकाच लॅबमध्ये तो दर वेळी चढत गेला तर डॉक्टरांना दाखवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा, आकडा चुकू शकतो.

अल्कलाइन फॉस्फेटेजचं (हाडं आणि लिव्हरमधलं एन्झाइम, तेही रक्तात मोजतात) तुम्ही काही लिहिलंच नाही. पीटीएचसोबत तेही वाढलं असेल (आणि लिव्हर ठीक असेल) तर हाडांची झीज जोरात चालू आहे असं समजतात. दोन्ही कमी, तर हाड निजलेलं. माझा पीटीएच एकदा ९० वर आला, मी पेढे वाटायच्या बेतात! डॉक्टर म्हणाले, "अहो, हाड कामच करत नाहीये, कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साचेल." त्यांनी कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी दोन्ही कमी केलं.

डेक्सा (हाडांचा खास एक्स-रे) करायची का, असं विचारलंत. ती हाडाची घनता सांगते, आत झीज किती वेगात आहे ते नाही. शिवाय महाधमनीत कॅल्शियम साचलं असेल तर कमरेचा आकडा उगाच चांगला येतो. करायचीच तर मनगटाजवळच्या हाडाचीही करायला सांगा, फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली शीर) नसलेल्या हाताची. हाडाचा तुकडा काढून तपासायची बायोप्सी क्वचितच लागते.

मला जास्त खटकला तो रक्तातला वाढलेला फॉस्फरस, ६.८. फॉस्फरसची गोळी बाबा जेवल्यावर तासाभराने घेतात असं लिहिलंय, ती मग वायाच जाते. अन्नासोबत पोटात गेली तरच फॉस्फरस धरते. माझी पुडी शर्टाच्या खिशात असते, तर्री-पोह्याच्या ठेल्यावरसुद्धा. चणे मात्र काढून ठेवतो.