विहिरीच्या पाण्याची बाटली काळी पडली नाही, म्हणजे पाण्यात परजीवी नाहीत असं समजायचं का?

नाही, अजिबात समजू नका.

तुम्ही लिहिलंय की काळी पडणारी बाटली-टेस्ट दोनदा केली, पाणी काळं झालं नाही, तरी मुलाचे जुलाब हटत नाहीत, आणि आता सूक्ष्मदर्शक घेऊन घरीच बघू का? सूक्ष्मदर्शकाचे पैसे वाचवा. कारण खाली देतोच, पण आधी बाटलीचं बोलू. पाण्याच्या लॅबमध्ये काम करतो, आणि याच विषयावरून एका साहेबांशी माझं कित्येक वर्षं वाजलंय.

बाटलीतली पट्टी हायड्रोजन सल्फाइड सोडणारे जिवाणू दाखवते, बस्स. जुलाब करणारे जिआर्डिया आणि क्रिप्टोस्पोरिडियम (थोडक्यात क्रिप्टो) हे एकपेशी परजीवी, जिवाणू नाहीतच. ते पाण्यात वाढत नाहीत, नुसते सिस्ट, म्हणजे टणक कवचातली झोपलेली पेशी, होऊन पडून राहतात. त्यामुळे बाटली उबेत ठेवून त्यांची संख्या वाढेल नि रंग बदलेल, हे होणं नाही.

आमच्याकडे एका विहिरीचं सॅम्पल आलं होतं. पोरांची पोटं फुगलेली, घाण वासाचे ढेकर, तेलकट जुलाब. आमचा रिपोर्ट: ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) शून्य, पिण्यास योग्य. मी शंका काढली तर साहेब म्हणाले, "कोलाय नाही म्हणजे विष्ठा नाही. विष्ठाच नाही तर सिस्ट येणार कुठून?" ऐकायला बिनतोड वाटतं. मी सॅम्पलसोबत आलेला कागद वाचला. आदल्या संध्याकाळी विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकली होती. तिच्यातल्या क्लोरीननं कोलाय मरतो, लगेच मरतो. जिआर्डियाला त्याहून बराच जास्त वेळ लागतो, पाणी गार नि गढूळ असेल तर आणखी. क्रिप्टो तर पिण्याच्या पाण्यात चालेल एवढ्या क्लोरीनला भीकच घालत नाही. म्हणजे साक्षीदार मेला आणि चोर शाबूत.

मग त्याच विहिरीचं 10 लिटर पाणी आणवलं आणि बारीक फिल्टरमधून ओढलं. फिल्टर धुऊन ते पाणी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की नळीच्या तळाशी चिमूटभर गाळ उरतो. सिस्टला चिकटणारी अँटिबॉडी लावलेल्या चुंबकीय मण्यांनी त्यातून सिस्ट वेचायचे, चमकणारा रंग द्यायचा आणि अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. खूप वेळ नुसता कचरा दिसत होता. मग एक लंबगोल, हिरव्या कडेचा, साधारण 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दुसरा फिल्टर लावल्यावर त्याच जागी आत निळे ठिपके, म्हणजे केंद्रकं. जिआर्डिया.

साहेबांनी डोळा लावला, पाहिलं, आणि म्हणाले, "मेलेला असेल." आता, या पद्धतीत जिवंत-मेलेला कळत नाही हे खरंच आहे. पण म्हणून 'पिण्यास योग्य' लिहायचं? त्यांनी लिहिलं. मी मिलवॉकीचं उदाहरण दिलं. 1993 साली त्या अमेरिकन शहरात प्रक्रिया केलेल्या, क्लोरीन घातलेल्या नळाच्या पाण्यातून अंदाजे 4 लाख लोकांना क्रिप्टो झाला. त्यावर "ते शहर, हे खेडं," एवढंच उत्तर. जणू खेड्यातली आतडी वेगळ्या मापाची असतात.

तर घरचा सूक्ष्मदर्शक. क्रिप्टो 4 ते 6 मायक्रॉनचा. 10 लिटरमध्ये मोजके असले तरी माणूस आजारी पडू शकतो, आणि तुम्ही बघणार एक थेंब. वर शेवाळाच्या पेशी नि यीस्ट हुबेहूब तसेच दिसतात. अमीबाचं तर लॅबमध्येही नुसत्या नजरेनं सांगता येत नाही. रोग करणारा आणि निरुपद्रवी यांचे सिस्ट सारखेच, तिथे पीसीआर, म्हणजे डीएनएची तपासणीच लागते.

त्यापेक्षा मुलाची शौच तपासा. वेगवेगळ्या दिवशी 3 नमुने द्या, कारण सिस्ट रोज पडत नाहीत. आणि क्रिप्टोचं नाव घेऊन सांगा, नेहमीच्या तपासणीत तो बहुधा निसटतो. विहिरीकडे स्वतः जा: कठड्याला भेग आहे का, सांडलेलं पाणी परत आत मुरतं का, वरच्या अंगाला संडास किंवा गोठा आहे का. पाणी तपासायचंच असेल तर पावसानंतर, गढूळ असताना आणि ब्लिचिंग टाकायच्या आधी घ्या. तोवर पाणी उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर 1 मिनिट पुरे, 2000 मीटरच्या वर राहत असाल तर 3. कापडानं गाळून नारूच्या अळ्या वाहणारा सायक्लॉप्स हा पाण्यातला बारीक जीव अडकायचा, हे सिस्ट सरळ पार होतात.

एक राहिलं. विहिरीत सिस्ट सापडले तरी मुलाचा आजार तिथूनच आला असं सिद्ध होत नाही. हात, दुसरं आजारी मूल, जनावरं, वाटा पुष्कळ आहेत. आणि सापडले नाहीत तरी नाहीतच असं नाही, कारण फिल्टर ते काच या प्रवासात बरेच सिस्ट हरवतात.

लॅबचा रिपोर्ट हातात आला तर 'योग्य' या शब्दाच्या वर बघा. परजीवींची ओळ तिथे नसेल तर सही करणाऱ्याला समोर उभं राहून विचारा, की जे तपासलंच नाही त्याबद्दल योग्य कसं लिहिलं. आमचे साहेब निवृत्त झाले, पण छापील फॉर्म तोच आहे. मी मात्र खाली हातानं 'परजीवी तपासलेले नाहीत' असं लिहितो, आणि नव्या साहेबांनी अजून ते खोडलेलं नाही.