पडीक खाजनात खारफुटी वाढू दिली तर बिघडलं कुठे?

तुम्ही विचारलंय, गोव्यात नदीकाठची शेतं पडीकच आहेत तर तिथे खारफुटी वाढू देणं हाच जैवविविधता राखायचा सोपा मार्ग नाही का? सोपा आहेच. काही करावंच लागत नाही.

आमचं खाजन, म्हणजे बांध घालून भरतीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, फोंडा तालुक्यात, झुआरी नदीच्या काठी. बाबा कूळ संघात होते. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधाची जबाबदारी गांवकारीकडून, म्हणजे गावाच्या जुन्या सामाईक संस्थेकडून, कुळांवर आली, तेव्हा पावसाच्या आधी चिखल चढवायला तेही जायचे. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या झडपेची, दारं भरतीच्या रेट्याने मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. वीज नको, मोटर नको. आत पोंय, म्हणजे पाण्याचं तळं, तिच्यात काळुंदरं, शेवटे हे मासे आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी. पावणीत, म्हणजे मासेमारीच्या हक्काच्या लिलावात, ज्याला मानस मिळेल त्याने ओहोटीच्या रात्री जाळं लावायचं.

एका वर्षी पावणी माझ्या चुलतभावाने, दादाने, घेतली. मासळी जास्त आत यावी म्हणून हा गडी भरतीलाही दार उघडं ठेवी, फटीत पाचर मारून. खारं पाणी थेट वाफ्यांत. कोरगुट हे खाजनातलं भात खार सोसतं हो, पण पहिल्या पावसाने माती धुतल्यावर. रोज भरती पाजली तर तेही मान टाकतं. एका रात्री बाबा कंदील घेऊन गेले आणि पाचर उपटून आणली. दादा आजही म्हणतो की दार आपोआप अडकलं होतं. त्या चवथीला एकाच गणपतीसमोर दोन्ही घरं बसली, आरतीपुरती तोंडं उघडली.

पुढे बार्जींच्या, म्हणजे मालवाहू होड्यांच्या, लाटांनी झिजत बांधाला खांड पडली. बुजवणार कोण? अर्धे मालक मुंबईत, उरलेल्यांना जमिनीला भाव कधी येतो त्याची वाट. काही वर्षांत खारफुटी उभी राहिली. आता दादा फोनवर सांगतो, ‘बघ, निसर्गाने आपलं परत घेतलं, बगळे किती आलेत!’

बगळे आधीही होते. कापणीनंतरच्या उघड्या चिखलात हिवाळ्यात लांब चोचींचे पाहुणे उतरायचे, ते दाट झाडीत उतरत नाहीत. कोरगुटाचं बियाणं पेरलं नाही की संपतं. काठच्या विहिरी मचूळ झाल्या. या सगळ्याचा हिशेब दादाच्या निसर्गात येत नाही. आमच्याकडे पौष अमावास्येला बांधावर चिखलाची मगर थापून पुजतात, मांगे थापणी म्हणतात तिला. त्या माणसांना सहजीवन शिकवायला निघू नये.

आणि एकदा खारफुटी वाढली की ती परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०११च्या किनारपट्टीच्या अधिसूचनेने गोव्यापुरतं म्हटलं की खाजनांत विकासकामं नकोत, खाजनांलगतची खारफुटीही राखा. दोन्ही बरोबरच. पण खांड बुजवायला निघालेल्या कुळाने आत उगवलेल्या झाडांचं काय करायचं?

हां, बांधाबाहेरची खारफुटी हवीच. ती लाट अडवते म्हणून बांध टिकतो. तिला हात लावणारा शेतकरी मूर्ख. जिथे आत जंगलच माजलंय तिथे आता कुऱ्हाड घेऊन जा, असंही मी म्हणत नाही. आमचेही काही संत नव्हते, मोरडीत, म्हणजे वरच्या पावसावरच्या शेतात, बाबांनी युरिया घालून ज्योती हे सुधारित भातच लावलं.

तुमचं खाजन अजून कोरडं असेल तर मे महिन्यात मानशीच्या फळ्या बघून घ्या. पावणीच्या अटी कागदावर घ्या: भरतीत दार बंद, पैसे आधी बांधाला, मग वाटणी. मानस घरच्या माणसाला देऊ नका. दिलीच तर पहिल्या रात्री स्वतः जाऊन फट चाचपून या.

पाचर आमच्या माळ्यावर आहे. फणसाच्या लाकडाची, एका टोकाला कोयत्याने तासलेली. आपोआप अडकलेल्या दारात ती कशी आली, ते दादाने एकदा येऊन सांगावं.