आजोबांची घरी भरलेली जुनी काडतुसे वापरावीत की जमा करावीत?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील वाड्यात, दिवंगत आजोबांच्या बाराबोअर बंदुकीसोबत त्यांनी स्वतः पुन्हा भरलेली काडतुसे सापडली, ती चालवता येतील का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ती मुळीच चालवू नयेत. कारखान्याच्या काडतुसावर निदान छाप तरी असतो. येथे कोणती दारू, किती मापाने भरली, हे सांगणारे आता कोणी नाही. कागदी नळी पावसाळी दमटपणाने फुगलेली असेल, पितळी बुडावर हिरवट कळा आली असेल किंवा आंबूस वास येत असेल, तर माल बिघडला आहेच. मात्र वरून चकचकीत दिसणाऱ्या काडतुसाचीही खात्री देता येत नाही. दारू कमजोर पडली तर डाट (दारू आणि छर्रे यांच्यामधला बोळा) बंदुकीच्या नळीतच अडकू शकतो आणि पुढच्या बाराला ती नळी फुटू शकते. छर्रे वाचवण्यासाठी ती उकलू नका, विहिरीत टाकू नका, जाळू तर नकाच. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ नुसार परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने बंदूक व दारूगोळा विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचा असतो. आधी ठाण्याला फोन करून काडतुसे कशी आणावीत ते विचारा, आणि पावती अवश्य घ्या.