दुकानदार ते टपालमंत्री

प्रश्न : अमेरिकेत एक कापडदुकानदार निवडणूक निधीच्या बळावर टपालखात्याचा मंत्री झाला, असे वाचनात आले. हे खरे आहे काय? असल्यास त्याने त्या खात्याचे काही भले केले काय?

उत्तर : आपण म्हणता ते गृहस्थ फिलाडेल्फियाचे जॉन वॉनामेकर (१८३८–१९२२). वीट-व्यावसायिकाच्या या मुलाने १८६१ च्या एप्रिलमध्ये, यादवी युद्धाला तोंड फुटले त्याच सुमारास, मेहुणे नेथन ब्राउन यांच्या भागीदारीत पुरुषांच्या तयार कपड्यांचे दुकान काढले. पुढे त्यांनी रेल्वेचे जुने मालधक्क्याचे आवार विकत घेऊन १८७६ मध्ये तेथे भव्य दालन उघडले. घासाघीस नाही, प्रत्येक वस्तूवर एकच किंमत, आणि माल न आवडल्यास पैसे परत, ही तेथील रीत होती. एकभावाची पद्धत त्यांनीच शोधली असे सांगतात, ते मात्र बरोबर नाही. न्यूयॉर्कचे व्यापारी ए. टी. स्ट्यूअर्ट ती त्यांच्या आधीपासून पाळत होते.

निधीची गोष्ट खरी आहे. १८८८ च्या निवडणुकीत त्यांनी उद्योगपती-व्यापाऱ्यांकडून रिपब्लिकन पक्षासाठी मोठी रक्कम जमवली आणि बेंजामिन हॅरिसन अध्यक्ष होताच १८८९ मध्ये पोस्टमास्टर जनरलचे पद, जे तेव्हा मंत्रिमंडळातले होते, त्यांच्याकडे आले. हा निव्वळ योगायोग होता असे मानणे कठीण आहे. त्यांच्या कारकिर्दीत विरोधी पक्षाच्या हजारो पोस्टमास्तरांना घरी बसवून तेथे स्वपक्षीय नेमण्यात आले. बॉल्टिमोरच्या टपाल कर्मचाऱ्यांनी पक्षकार्यात नियमबाह्य भाग घेतल्याच्या प्रकरणात तर मुलकी सेवा आयोगाचे तेव्हाचे सदस्य थिओडोर रूझवेल्ट यांच्याशी त्यांचा जाहीर खटका उडाला.

तरीही खाते चालवताना त्यांच्यातील दुकानदार जागा होता. गिऱ्हाइकाने आपल्याकडे येण्याऐवजी आपणच त्याच्या दारी जावे, या विचाराने त्यांनी खेड्यापाड्यांत टपाल घरपोच देण्याची योजना मांडली. पार्सल टपाल आणि टपाल बचत बँक यांचाही आग्रह धरला. खासगी पार्सल कंपन्या आणि बँका यांच्या हितसंबंधांना त्यामुळे धक्का लागणार होता, त्यामुळे विरोध ओघानेच आला. त्यांच्या हयातीत हे सगळे झाले, पण त्यांनी पद सोडल्यावर : ग्रामीण वाटप प्रायोगिक स्वरूपात १८९६ मध्ये, बचत बँक १९११ मध्ये आणि पार्सल सेवा १९१३ मध्ये. (आपल्याकडे पोस्टातील बचत खाते १८८२ पासून आहे, हे येथे सांगण्याचा मोह आवरत नाही.) कोलंबसच्या सफरीच्या चारशेव्या वर्षानिमित्त निघालेली १६ तिकिटांची स्मारक मालिका मात्र त्यांच्याच कारकिर्दीत, १८९३ च्या जानेवारीपासून विक्रीस आली. टपाल तिकिटे जमवणाऱ्यांना ती आजही परिचित आहे.

मतपेटीने त्यांना कधीच साथ दिली नाही. पक्षाच्या प्रांतिक पुढाऱ्यांशी बिनसल्यावर त्यांना हवी असलेली सिनेटची जागा पक्षातलेच बोइस पेन्रोज यांनी पटकावली, १८९८ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारीही हुकली, आणि दुकान तेवढे अखेरपर्यंत त्यांचे राहिले.