एम.एस्सी. की एम.सी.ए.? संगणकशास्त्राच्या विद्यार्थिनीला पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,

बी.एस्सी. संपत आली आणि घरात एम.एस्सी. की एम.सी.ए. यावर वाद रंगलाय, असं कळवलंस. काका म्हणतात पुण्यात एम.सी.ए.ला भाव आहे, आई म्हणते शिवाजी विद्यापीठ घराजवळ आहे. दोघांचं ऐक, पण निर्णय तू घे.

काकांच्या काळातलं एम.सी.ए. तीन वर्षांचं होतं, 2020-21 पासून ते दोन वर्षांचं झालं. त्याला राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा लागते आणि पदवीला किमान 50 टक्के (राखीव प्रवर्गाला 45). बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. त्यात भर सॉफ्टवेअर बनवण्यावर. एम.एस्सी.त त्यामागच्या सिद्धांताला जास्त जागा. थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनमधली (संगणकाला काय सोडवता येतं आणि काय नाही, या विषयातली) सिद्धता वाचताना तुला झोप येत नसेल तर एम.एस्सी. कर. येत असेल तर एम.सी.ए., आणि त्यात कमीपणा काही नाही. एम.टेक. बी.एस्सी.वर थेट मिळत नाही. पण त्याच्या प्रवेशाची गेट परीक्षा पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो, म्हणजे एम.एस्सी. करतानाच देऊन ठेवता येईल. प्राध्यापक व्हायचं मनात असेल तर पदव्युत्तरला 55 टक्के सोडू नकोस. खुल्या प्रवर्गातून नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांना ती अट आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांचं एम.एस्सी. म्हणजे साधारण 80 ते 88 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप). थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं, प्रात्यक्षिकाचं 30 तासांचं. त्यात संशोधन पद्धती आणि ऑन जॉब ट्रेनिंगही येतं. पहिल्या वर्षानंतर थांबावं लागलं तर पदव्युत्तर पदविका मिळते. नाइलाज असेल तरच थांब.

पेपर होऊन जातील गं. अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, डेटाबेस, नेटवर्क यांची तोंडओळख तुला आहेच. डिस्क्रीट मॅथ्स (संच, तर्क, आलेख यांचं गणित) कच्चं असेल तर ते मात्र सुट्टीतच पक्कं कर.

खरी परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या संशोधन प्रकल्पात. बाजारात तयार प्रोजेक्ट विकत मिळतात, कोड, रिपोर्ट, बाइंडिंगसकट. तेच ते हॉस्पिटल मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, 'डेटाबेसमध्ये हा टेबल का केला?' असं विचारलं की पोरं छताकडे बघतात. परीक्षकालाही सगळं ठाऊक असतं, तो बिचारा चहा पिऊन सही करतो. तू हे करू नकोस.

कोल्हापुरात विषयाला तोटा नाही. पावसाळ्यात अख्खं गाव पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीवर डोळे लावून बसतं: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. राधानगरी धरणातून सोडलेलं पाणी आणि पाणलोटातला पाऊस यांवरून उद्याची पातळी सांगता येईल का, हा प्रश्न घे. आधी साधा अंदाज काढ, 'उद्याही आजच्याइतकीच', आणि त्याची चूक मोज. मग लिनिअर रिग्रेशन (आकड्यांतून सरळ रेषेचं सूत्र बसवणं), आणि जमलं तर न्यूरल नेटवर्कसारखं आकड्यांवरून शिकणारं गुंतागुंतीचं मॉडेल. न्यूरल नेटवर्कला त्या साध्या अंदाजावर मात करता आली नाही तर रिपोर्टात तसंच लिही. मार्क जाणार नाहीत, आणि जो मार्गदर्शक ते कापेल त्याच्या हाताखाली काम करण्यात अर्थ नाही.

यात एक फसवी जागा आहे. दिवस पत्त्यांसारखे पिसून ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्ट (त्याला तपासायचे) अशा दोन गटांत वाटलेस, तर पुराचा सोमवार इकडे आणि मंगळवार तिकडे जाईल. मॉडेलला उत्तर आधीच दिसलेलं असेल आणि अचूकता बघून तू खूश होशील. वर्षांप्रमाणे तोड, जुन्यांवर शिकव, नंतरच्यांवर तपास. 2019 आणि 2021 चे महापूर वेगळे काढून बघ. नेहमीच्या पावसाळ्यांवर शिकलेलं मॉडेल तिथेच तोंडघशी पडण्याची शक्यता जास्त, आणि ते का पडलं हे शोधण्यातच तुझं संशोधन आहे. मार्गदर्शक निवडतानाही नावाकडे बघू नकोस. आठवड्याला अर्धा तास तुझा कोड उघडून बघेल असा माणूस शोध.

आकडे मागायला सरकारी कचेरीत जावं लागेल. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र घेऊन जा, आणि पावसाळ्याआधी जा. जुलैत त्यांना तुझ्याशी बोलायला सवड नसते.

आणि प्रवेशाचं म्हणशील, तर एबीसी आयडीवरचं (क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्यावरचं) तुझं नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, ते आजच बघ. आडनाव आधी की नंतर, एवढ्यावरूनही काम अडतं.

तुझे,
सर