काका, खर्चाची बाजू कुठाय?

"बीपीच्या गोळ्या इतकी वर्षं घेतोय, लिव्हर खराब होत असेल ना हो?"

साठीपुढची माणसं समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली की हा प्रश्न येतोच. झोप लागत नाही म्हणून आलेली, घरात पटत नाही म्हणून आलेली, उठता उठता हळूच हे विचारतात. त्यातल्याच एका काकांची ही गोष्ट. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

वय ७२, निवृत्त हिशेबनीस. सून घेऊन आली होती. चष्म्याच्या जुन्या घरात तिला २३ गोळ्या सापडल्या होत्या. काका रोज सकाळी सगळ्यांसमोर पाण्याचा घोट घ्यायचे आणि गोळी तिथे जपून ठेवायचे. बीपी भरलं होतं १७८/९६.

"बीपीनं मेलो तर चालेल मला. लिव्हरनं नको," काका पहिल्याच भेटीत म्हणाले. हे वाक्य मी टिपून ठेवलं. मरणाच्या प्रकारात कुणी निवड करू लागलं, की त्यातला एक प्रकार त्यानं जवळून पाहिलेला असतो.

मग त्यांनी खिशातून डायरी काढली. १४ वर्षं, रोज एक गोळी, लीप वर्षांचे दिवस धरून ५,११४. "एवढं सगळं जातं कुठे? साठतच असणार ना?"

"काही होत नाही हो" असं मी म्हणत नाही. धीर दिला की माणूस गप्प बसतो, भीती तिथेच राहते. घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल आपण मनात घोकत असलेलं वाक्य जास्त छळतं, या विचारात मी वाढले. काकांचं वाक्य होतं, 'साठतंय'.

"काका, वहीत नुसती जमाच दिसतेय. खर्चाची बाजू कुठाय?"

ते चमकले. हिशेबनिसाला असं विचारणं म्हणजे तसा अपमानच.

त्यांच्या परवानगीने मी डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. गोळी अ‍ॅम्लोडिपिनची. लिव्हरच ती मोडून निकामी करतं; साधारण दोन दिवसांत निम्मी संपते, उतारवयात थोडा जास्त वेळ लागतो. मी एवढंच सांगितलं आणि कॅल्क्युलेटर त्यांच्यापुढे सरकवला. रोज एक जमा, दोन दिवसांत निम्मी वजा. दहा मिनिटं खोलीत फक्त बटणांचा आवाज.

"बाकी साडेतीनच्या वर जातच नाही," काका पुटपुटले. मग स्वतःच म्हणाले, "माझं वय झालंय, तीन दिवस धरतो." पुन्हा बटणं. "पाचाच्या आत." ५,११४ वर त्यांनी आडवी रेघ मारली.

खरं सांगते, त्या दिवशी मी खुशीत घरी गेले. पुढच्या आठवड्यात सुनेचा फोन: गोळी अजून चष्म्याच्या घरातच.

हिशेब डोक्याला पटला होता, भीती वेगळ्याच खात्यावर होती. या वेळी मी पहिल्या भेटीतलं वाक्य त्यांना वाचून दाखवलं. "लिव्हरनं कोण गेलं, काका?"

बराच वेळ गेला. "थोरला भाऊ. दारूला कधी शिवला नाही. बीपीच्या गोळ्या मात्र वीस वर्षं."

"गोळ्यांनी झालं असं डॉक्टर म्हणाले?"

"नाही. भेटायला आलेला एक पाहुणा म्हणाला." आणि स्वतःच थबकले. "पाहुणाच म्हणाला."

भावाला मधुमेह होता, वजनही बरंच. वजन, साखर, बीपी आणि लिव्हरवरची चरबी बहुतेकदा हातात हात घालून येतात, आणि ती चरबी दारूशिवायही लिव्हर निकामी करू शकते. घरात डोळ्यांसमोर असते ती गोळ्यांची पट्टी, म्हणून आळ तिच्यावर. कावळा बसायला आणि फांदी तुटायला!

भीती अगदीच निराधार नसते, हेही सांगायला हवं. मिथिलडोपा, लॅबेटॅलॉल अशी काही बीपीची औषधं क्वचित लिव्हरला इजा करतात. लिव्हर आधीच अशक्त असेल तर डॉक्टर काही गोळ्यांचा डोस उतरवतात. लोसार्टन ही बीपीची गोळी एरवी ५० मिलिग्रॅमने सुरू होते, अशांना २५ ने. उलट बीपीसाठीच वापरली जाणारी प्रोप्रॅनोलॉल लिव्हर सिरॉसिसच्या, म्हणजे लिव्हर कडक होत गेलेल्या, काही रुग्णांना अन्ननलिकेतला रक्तस्राव टाळायला देतात. म्हणून 'बीपीची गोळी' अशी एकच वस्तू नसते. आपली नेमकी कोणती, हे विचारा. मनाने बंद मात्र करू नका. काही गोळ्या एकदम सोडल्या तर बीपी उसळतं. "आता या वयात कशाला" म्हणणाऱ्यांसाठी: २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ८० वर्षांपुढच्या ३,८४५ जणांना घेतलं होतं, आणि गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी निघालं. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, तर थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शेवटच्या भेटीत मी विचारलं, "याशिवाय आणखी काय काय घेता?"

काका ओशाळले. गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, आणि 'लिव्हर साफ करणाऱ्या' हर्बल कॅप्सूल. दोन्ही डॉक्टरांना माहीत नव्हतं. वेदनाशामक गोळ्यांतल्या बऱ्याच बीपी वाढवतात, आणि काही हर्बल कॅप्सूलनी लिव्हरलाच इजा झाल्याचे दाखले आहेत. डॉक्टरांनी कॅप्सूल बंद केल्या, गुडघ्याची गोळी बदलली, लिव्हरची रक्ततपासणी करून घेतली. रिपोर्ट ठीक आला.

डायरी आता नवी आहे. रोज सकाळी गोळीपुढे बरोबरची खूण. कॅप्सूलची उरलेली अर्धी बाटली काकांनी बुडीत खात्यात टाकली आहे.